शेअरिंग लावून दिले, दार मात्र उघडे ठेवून गेला

जुन्या संगणकाला यूएसबी केबलने प्रिंटर जोडलेला होता. नव्या लॅपटॉपवरून त्यावर छपाई व्हावी आणि जुन्यातील एक फोल्डर नव्यातही उघडावा, एवढेच मला हवे होते. पूर्वी हे काम मी ‘होमग्रुप’ या विंडोजमधल्या शेअरिंगच्या सोयीने करीत असे, पण तो पर्याय दोन्ही यंत्रांवर कुठेच सापडेना आणि ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ हा संदेश काही पाठ सोडेना. शेवटी वैतागून मी तोच संदेश शोधपट्टीत टाकला आणि सर्वांत वर दिसलेल्या मदत क्रमांकावर फोन केला. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिलेले होते, हे मी नंतर पाहिले.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याने दूरस्थ नियंत्रणाचा एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला, पडद्यावर आलेला आकडा वाचून दाखवायला सांगितला, आणि मी तो वाचून दाखवला. पुढच्या अर्ध्या तासात त्याने मला जे दाखवले त्यात एकही गोष्ट बनावट नव्हती, आणि म्हणूनच मी फसलो. प्रथम त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची भलीमोठी यादी दाखवली व हे सारे व्हायरसचे हल्ले असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात धडधाकट संगणकातही अशा नोंदी शेकड्यांनी साचतात. त्या यादीत वारंवार दिसणारी १००१६ क्रमांकाची नोंद तर दुर्लक्ष करण्याजोगी आहे, असे विंडोजच्या निर्मात्यांनीच सांगितलेले आहे.

मग त्याने काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा दिली आणि ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ या स्तंभावर माउस फिरवत म्हणाला, “सर, हे सगळे परदेशातून तुमच्या संगणकात शिरलेले लोक आहेत.” ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ म्हणजे केवळ जोडणीचे दुसरे टोक; ब्राउझर उघडा असला तरी असे डझनभर पत्ते दिसतात. त्या रांगेतले पहिलेच दोन पत्ते १२७.०.०.१ होते, म्हणजे माझा स्वतःचाच संगणक! तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. होमग्रुपबद्दल विचारले तर तो शांतपणे म्हणाला, “तो हॅकरने उडवला आहे, सर.” वस्तुतः ही सोय विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ मध्ये, अधिकृतपणेच काढून टाकण्यात आली.

नव्या प्रिंटरच्या किमतीएवढी रक्कम मी कार्डाने भरली. त्यानंतर दहा मिनिटांत लॅपटॉपवरून पान छापले गेले, फोल्डरही उघडला. काम झाल्यामुळे संशयाला जागाच उरली नाही. उलट मी त्याचे आभार मानले.

चार-पाच दिवसांनी संगणक सुरू करताच तोच दूरस्थ प्रोग्रॅम आपोआप चालू झालेला दिसला, तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. नेटवर्किंगचे काम करणाऱ्या एका स्नेह्यांना बोलावले. त्या प्रोग्रॅममध्ये कायमचा पासवर्ड घालून ठेवलेला असल्यामुळे तो ठाऊक असलेल्या कोणालाही मला न विचारता आत येता येत होते. बाहेरचा शिरकाव अडवणारी फायरवॉल बंद होती, पासवर्डाची अट काढलेली होती आणि संपूर्ण सी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’च्या, म्हणजे सर्वांच्याच, नावे, बदल करण्याच्या हक्कासह, शेअर केलेली होती. शिवाय एसएमबी १ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल पुन्हा सुरू केलेला होता. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस ज्याच्यातील त्रुटीतून जगभर पसरला, तोच हा प्रोटोकॉल. भिंतच पाडली तर दाराची कुरकुर थांबणारच.

आम्ही इंटरनेट तोडले, कार्ड बंद करायला लावले, सर्व पासवर्ड फोनवरून बदलले आणि दोन्ही संगणकांवर विंडोज नव्याने घातले. मग स्नेह्यांनी मूळ दुखणे दाखवले, ते पाहून लाजच वाटली. लॅपटॉपवर घरचे वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेले होते, आणि त्या स्थितीत विंडोज शेजारच्या यंत्रांपासून स्वतःला लपवते. दोन्हीकडे ते ‘प्रायव्हेट’ केले, ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू केले, प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘शेअर धिस प्रिंटर’वर खूण केली आणि एकच फोल्डर एकाच खात्याला उघडून दिला. दुसऱ्या यंत्राने नाव-पासवर्ड विचारला की तिथे खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, रोज टाइप करतो तो पिन चालत नाही. निम्मे लोक इथेच अडतात आणि मदत क्रमांक शोधू लागतात, असे ते म्हणाले. विंडोजच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन क्रमांक कधीच नसतो, हेही मला त्यांच्याकडूनच कळले.

पैशांबाबत बँकेकडे तक्रार केली आहे, निकाल अजून यायचा आहे. दरम्यान गेल्या आठवड्यात एका वेगळ्या क्रमांकावरून फोन आला. आमची सेवा बंद होत असल्याने आपली रक्कम परत करायची आहे, असे सांगून त्याने तितक्याच अदबीने विनंती केली, “सर, परताव्याचा अर्ज भरण्यासाठी फक्त एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्या.” प्रोग्रॅमचे नाव तेच होते. मी फोन ठेवला.