फीचरच्या मागण्या कुठे ठेवायच्या?

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं मुक्तस्रोत साधन आम्ही तिघे सांभाळतो. तिघांच्याही नोकऱ्या आहेत, त्यामुळे काम होतं ते रात्री जेवणं उरकल्यावर आणि रविवारी. बग आला की काय करायचं ते ठरलेलं असतं. पंचाईत होते ती फीचरच्या, म्हणजे नव्या सोयीच्या, मागणीची. मागणी रास्त असते, पण करायला हात नसतात. तुमचाही प्रकल्प असाच दोन-चार जणांचा असेल, तर मोठ्या प्रकल्पांच्या पद्धती उचलण्याआधी त्या कुणाच्या जिवावर चालतात ते पाहून घ्या.

सगळ्यांत सोपी पद्धत डेबियन या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमची. बग आणि मागणी एकाच ठिकाणी नोंदवायची, मागणीवर ‘विशलिस्ट’ ही सगळ्यांत खालची पायरी लावायची. वापरणाऱ्याला वेगळी जागा शोधावी लागत नाही. पण तिथे पॅकेजागणिक, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअरला, सांभाळणारे मेंटेनर आहेत, त्यामुळे ओझं वाटलं जातं. आमच्याकडे सगळ्या मागण्या त्याच तिघांच्या पुढ्यात येतात आणि खरे बग त्याखाली दडपतात.

दुसरी पद्धत मतांची. जानेवारी २०१६ मध्ये अनेक मेंटेनरांनी गिटहबला, म्हणजे जिथे असे प्रकल्प ठेवले जातात त्या संकेतस्थळाला, खुलं पत्र लिहिलं. इश्यूंखाली, म्हणजे नोंदवलेल्या बग-मागण्यांखाली, ‘मलाही हवंय’ अशा अर्थाच्या नुसत्या ‘+१’च्या कॉमेंट साचतात, ही त्यातली एक तक्रार होती. मार्चमध्ये गिटहबवर कॉमेंट न लिहिता मत देण्यासाठी अंगठ्याची खूण आली. विम या मजकूर-संपादकात मताला आणखी वजन होतं: युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी देणगी दिली की कोणतं फीचर हवं यावर मत देता यायचं. मला ही कल्पना मनापासून आवडते. तरीही मत फक्त मागणी किती आहे ते सांगतं, काम कोण करणार ते सांगत नाही. शिवाय आमचे बरेच वापरकर्ते डीटीपीवाले आहेत. ते व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात, त्यांचं गिटहबवर खातंच नाही. अंगठे मोजले असते तर ज्यांच्यासाठी हे साधन केलं तेच मोजणीतून सुटले असते.

तिसरी, लेखी प्रस्तावाची. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत २००० सालापासून असे प्रस्ताव आहेत, त्यांना पीईपी म्हणतात; रस्ट या भाषेत २०१४ पासून आहेत, तिथे त्यांना आरएफसी म्हणतात. भाषेसारख्या गोष्टीला ते हवंच, कारण एकदा दिलेलं फीचर सहजासहजी परत काढता येत नाही. पण चर्चेची किंमत मोजावी लागते. पीईपी ५७२ वरच्या वादानंतर, जुलै २०१८ मध्ये, खुद्द पायथनचे जनक खिदो व्हान रोसम अंतिम निर्णयाच्या जबाबदारीतून बाजूला झाले. छोट्या प्रकल्पाने यातले दोनच प्रश्न घ्यावेत: तुमचं नेमकं काय अडतंय, आणि सध्या कसं भागवता?

चौथी पद्धत कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाची, आणि आम्ही तीच धरली. ज्यावर काही हालचाल आहे तेवढेच इश्यू उघडे ठेवायचे. थंडावलेले बंद करायचे, आणि त्यातलं जपण्यासारखं असेल ते टूडू, म्हणजे ‘करायच्या गोष्टी’, या फाइलमध्ये टाकायचं.

आम्हाला हे पटलं ते एका मागणीमुळे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक तुम्हाला माहीतच आहे. त्या ‘दऱ्या’मधला पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधलं तर बहुतेक ठिकाणी दुसरं सापडत नाही. एका डीटीपीवाल्या काकांना कोणता प्रकार हवा ते निवडायचं बटण हवं होतं. एक बटण म्हणजे सगळ्या चाचण्या दुप्पट. आम्ही ‘बघतो’ म्हणालो आणि इश्यू वर्षभर उघडा राहिला. शेवटी कारण लिहून बंद केला, तेव्हा काकांचं उत्तर आलं: “आधीच सांगितलं असतं तर मी शोधा-आणि-बदला करून घेतलं असतं.” वर्षभर ते आमच्या भरवशावर थांबले होते.

‘नाही’ म्हटलं तर लोक दुरावतील, ही भीती खोटी नाही. विमने बाहेरून आलेला एक मोठा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, घेतला नाही आणि त्यानंतर २०१४ मध्ये त्याच्याच कोडवरून निओविम हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. पण आज दोन्ही नांदताहेत. साठ दिवस शांत राहिलेला इश्यू शिळा ठरवून आणखी सात दिवसांनी आपोआप बंद करणारा बॉट (प्रोग्रॅम) मात्र मी लावणार नाही. माणसाने कळकळीने लिहिलेल्या मागणीला उत्तरही माणसानेच द्यावं.

दहा-बारा जण नियमित कोड लिहीत असतील तर विशलिस्ट ठेवा, पेलवेल. त्याहून कमी असाल तर फाइल करा. आमच्या फाइलमध्ये प्रत्येक मागणीला चार ओळी असतात: काय हवंय, आत्ता का नाही, तोवर काय करता येईल, आणि कुणाला करायचंच असेल तर कोडमध्ये सुरुवात कुठून करायची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ती वरपासून खालपर्यंत वाचतो. काकांची मागणी तिच्यात तिसरी आहे.