गेम डिझायनर व्हायचंय: डिझाइन संस्था, टेस्टिंगची नोकरी की घरचा लॅपटॉप?

तीन-दोन-पाच हा तिघांचा पत्त्यांचा डाव खेळताना ज्याचे हात कमी पडले, त्याच्याच पानांतून पुढच्या डावात हात ओढले जातात. आमच्याकडे न बघता पान ओढायचं आणि बदल्यात आपल्याला नको असलेलं द्यायचं. म्हणजे हरणारा आणखी खड्ड्यात. त्यावर उतारा म्हणून पाच हात करायची पाळी फिरती ठेवलेली असते. हे ज्याला खटकतं आणि जो ‘ओढलंस त्याच रंगाचं पान परत दे’ असा नियम करून दोन डाव खेळून बघतो, तो गेम डिझायनरचंच काम करत असतो. चित्रं काढणारा आर्टिस्ट वेगळा, कोड लिहिणारा प्रोग्रामर वेगळा. नियम, लेव्हल, अवघडपणाची चढण, बक्षिसांचा हिशेब हे डिझायनरचं खातं.

पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं मला विचारतात की यात शिरायचं कुठून. वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली शिक्षणाची. एनआयडीच्या, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या, बंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइन हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी डॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत. तुमची पदवी पात्रतेत बसते का, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात सगळ्यात आधी बघा. तयारीत वर्ष घालवल्यावर ते कळायला नको. मुंबईत २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, गेमिंग तिच्याही विषयांत आहे. चांगल्या संस्थेत जे मिळतं ते घरी मिळत नाही: चुका करायला हक्काचा वेळ, कामावर तोंडावर टीका करणारे शिक्षक आणि शेजारच्या बाकावर बसलेला पुढचा भागीदार. मात्र जागा मोजक्या आणि वर्षं जातात.

खाजगी डिप्लोमाबद्दल मी अनुभवाने बोलतो. मी एका वर्षाचा कोर्स केला, नाव ‘गेम डिझाइन’, पण आठ महिने थ्रीडी मॉडेलिंग शिकवलं. घरच्यांनी भरलेले पैसे होते, ते मला अजून टोचतं. म्हणून फी भरण्याआधी दोनच गोष्टी मागा: मागच्या बॅचच्या मुलांनी पूर्ण केलेले गेम खेळायला, आणि वेळापत्रकात प्लेटेस्टिंगचे, म्हणजे अर्धवट गेम दुसऱ्यांना खेळायला देऊन निरखायचे, तास. टाळाटाळ झाली तर उठून घरी या.

दुसरी वाट टेस्टिंगची, म्हणजे गेममधल्या चुका शोधण्याची, आणि पुण्या-मुंबईच्या मुलांना ती खरोखर जवळची आहे. युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा पुण्याचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईचा २०१८ पासून. टेस्टिंग म्हणजे दिवसभर मजेत गेम खेळणं, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात एकाच भिंतीला चाळीस वेळा धडकायचं, दर वेळी वेगळ्या कोनातून. मग बग, म्हणजे सापडलेली चूक, लिहायचा: गेमच्या कुठल्या आवृत्तीत (बिल्डमध्ये), काय काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं. ‘पात्र भिंतीत अडकतं’ एवढं लिहिलं तर ती नोंद तुमच्याकडेच परत येते. ‘वाकून, डावीकडे वळताना उडी मारली तर दहापैकी सात वेळा अडकतं’ असं लिहिलं की प्रोग्रामर तुमचं नाव लक्षात ठेवतो. गेम कुठे उसवतो हे असं बोटांना कळतं, आणि ही नजर पुढे डिझाइनमध्ये फार उपयोगी पडते.

पण दोन अडचणी. बऱ्याच जागा कंत्राटी असतात, प्रोजेक्ट संपला की काम संपतं. आणि गोपनीयतेच्या करारामुळे तिथलं काम पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांत, दाखवता येत नाही. टेस्टिंगमधून डिझाइनमध्ये सरकलेली जी माणसं मी पाहिली, ती संध्याकाळी घरी स्वतःचे गेम बनवत होती. नुसती वाट बघणारी तिथेच राहिली.

तिसरी वाट हीच: स्वतः बनवायला लागणं. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत आणि मुक्त (ओपन सोर्स) आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. युनिटी हे दुसरं इंजिन सुरुवातीला फुकट मिळतं. अनरियल हे तिसरं, ते शिकायलाही पैसे नाहीत, पण त्याला मशीन तगडं लागतं. इच डॉट आयओ या वेबसाइटवर गेम मोफत टाकता येतो. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, त्यामुळे पहिल्या गेमसाठी तिकडे वळू नका.

बनवायचं काय? एक उडी. खेळाडू कड ओलांडून पुढे गेल्यावरही क्षणभर उडीचं बटण मानायचं, याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. सवलत शून्य ठेवलीत तर खेळणारा ओरडतो, “अरे, मी दाबलं होतं!” सेकंदाला साठ फ्रेम (पडद्यावरची चित्रं) धरून सहा फ्रेमची, म्हणजे एक दशांश सेकंदाची सवलत द्या, तोच माणूस म्हणतो, उडी छान वाटते. पंधरा फ्रेम दिल्यात तर पात्र हवेत चालतंय हे डोळ्यांना कळतं. हे तीनही करून बघितलेलं असेल आणि सहाच का ठेवले हे सांगता येत असेल, तर मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे ठोस काही आहे. मी उमेदवारांना हेच विचारतो. प्रमाणपत्र कुठलं, हे त्यानंतर.

या वाटेचा धोका म्हणजे एकटेपणा. मोठा ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे खेळाडू कुठेही हिंडू शकेल असं जग, सुरू करून सहाव्या महिन्यात सोडलेले किती तरी जण मला माहीत आहेत. दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, २००९ पासून. साधारण ४८ तासांत गेम पूर्ण करायचा. पूर्ण करण्याची सवय तिथे लागते आणि साथीदारही तिथेच भेटतात.

नोकरी शोधताना एक भान ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, आणि त्या कंपन्यांतल्या बऱ्याच नोकऱ्या गेल्या. ‘गेमिंग कंपनी’ म्हटलं की ती नेमकं काय बनवते, हे विचाराच. दुसरीकडे पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम केला: २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर निधी जमला नाही, तरी २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विच या गेमिंग कन्सोलवर आला. मला त्याचा फार अभिमान आहे. पण अशा छोट्या टीममध्ये नवशिक्याला जागा क्वचित निघते, हेही खरं.

घरून दोन-तीन वर्षांची सोय होत असेल आणि टीका ऐकून घ्यायची तयारी असेल, तर डॅट द्या. पगार लगेच हवा असेल तर टेस्टिंग, पण संध्याकाळचा एक तास स्वतःच्या गेमचा. खाजगी डिप्लोमा माझ्या यादीत सगळ्यात शेवटी. आणि अजून काहीच ठरत नसेल, तर या रविवारी पत्त्यांचा जोड काढा, तीन-दोन-पाचचा एक नियम बदला, तिघांना खेळायला बसवा आणि स्वतः तोंड मिटून शेजारी बसा. कोण कुठे अडतो, कुठे भांडण होतं, दुसरा डाव कोण मागतो, ते वहीत लिहा.