‘प्री-अ‍ॅप्रूव्हल’ नावाचा पंच्याऐंशी हजारांचा कागद

जुना बंगला पाडून नवीन बांधायचा विचार चाललाय आणि कोणी ‘आधी प्री-अ‍ॅप्रूव्हल करून घ्या’ म्हणत घरी आलं, तर चहा टाकायच्या आधी हे वाचा. पुणे महापालिकेत अर्ज दाखल होण्याआधी हातात पडते अशी कुठलीही मंजुरी नाही. आमच्याकडून तिचे पंच्याऐंशी हजार घेतले गेले आणि बदल्यात स्पायरल बाइंडिंग केलेली एक देखणी फाइल मिळाली.

आमची जागा कर्वेनगरात, प्लॉटधारकांच्या एका जुन्या सोसायटीत. सासऱ्यांनी नोकरीत असताना घेतलेला साडेतीन हजार चौरस फुटांचा प्लॉट, त्यावर तळमजला आणि वर दोन खोल्या. दिरांनी आणि आम्ही मिळून ठरवलं की खाली पार्किंग आणि वर चार मजले काढायचे, त्यातले वरचे दोन विकून खर्च भागवायचा. बिल्डरला द्यायचं नाही हे सासूबाईंनी आधीच ठणकावलेलं. म्हणजे परवानगीचं काम आमच्याच गळ्यात.

हे विकणारा ‘सल्लागार’ ओळखीतूनच आला. (असे लोक कधीच जाहिरातीतून येत नाहीत.) सोसायटीतल्या एका काकांच्या भाच्याचं ‘सावरकर भवनातलं काम’ त्याने करून दिलं होतं म्हणे. बालगंधर्वजवळच्या या इमारतीत बांधकाम परवानगीच्या फायली फिरतात. तिथे कोण कुठल्या मजल्यावर बसतं, कोणते साहेब दुपारी साइटवर असतात, हे त्याला तोंडपाठ होतं. लग्नाचा केटरर थाळीचे प्रकार सांगतो तसे त्याने तीन प्रकार सांगितले. झोन रिव्ह्यू, बारा हजार. ड्रॉइंग रिव्ह्यू, पस्तीस हजार. आणि कमिटी रिव्ह्यू, पंच्याऐंशी हजार. शेवटच्यात अधिकाऱ्यांशी बैठक, त्यांच्या शंका आधीच मिटवणं आणि वर एक ‘पूर्वमंजुरी अहवाल’.

यातली खुबी नंतर लक्षात आली. तीन दर समोर आले की घरात वाद कोणता घ्यायचा यावर रंगतो. मुळात घ्यायचा कशाला, हा प्रश्न त्याने ताटात वाढलाच नव्हता. दीर झोनवाला स्वस्त घ्या म्हणत होते, हे म्हणत होते की करायचंय तर पूर्ण करा. शेवटी कमिटीवर शिक्कामोर्तब झालं.

आणि गंमत अशी की त्याचं एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं. ‘ताई, मुंबईत आयओडी असते ना, तसंच हे.’ मुंबईत आयओडी, म्हणजे अटींसह मिळणारी पहिली मंजुरी, असते, खरंच आहे. पण ती मुंबई महापालिका देते, तीही रीतसर दाखल झालेल्या प्रस्तावावर. मग त्याने वर्तमानपत्राचं एक कात्रण दाखवलं: ‘पोच हीच परवानगी’. तेही खरं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकात्मिकृत बांधकाम नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तेव्हा दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांसाठी नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी मानायची असं ठरलं. आमचा प्लॉट सव्वातीनशे चौरस मीटरचा. तो आकडा त्याने स्वतःच वहीत लिहून घेतला होता. तिसरं म्हणजे, ‘साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर कायद्यानेच मंजूर.’ महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये अशी तरतूद आहे. मात्र त्यासाठी अर्ज महापालिकेत दाखल झालेला हवा आणि नकाशा नियमांत बसणारा हवा. आमचा अर्ज कुठे दाखलच नव्हता. साठ दिवस मोजायचे कुठून?

आता ती फाइल. निळं प्लास्टिकचं कव्हर, आत जाड कागद. पहिल्या पानावर गोल शिक्का, त्यात ‘पूर्वतपासणी कक्ष, पुणे’ अशी अक्षरं. ‘महानगरपालिका’ हा शब्द कुठेच नाही. इतकी काळजी घेणारा माणूस कच्चा नसतो. पुढे तक्ता: समोरची मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), बाजूची, मागची, जिन्याची रुंदी, पार्किंग, इमारतीची उंची, प्रत्येक ओळीसमोर हिरव्या रंगात ‘पास’. शेवटच्या पानावर क्यूआर कोड. माझ्या मुलीने तो स्कॅन केला तर कोणाच्या तरी गूगल ड्राइव्हमधली हीच पीडीएफ उघडली. कागद स्वतःच स्वतःला साक्षीदार.

ही फाइल घेऊन आम्ही एरंडवण्यातल्या एका आर्किटेक्टकडे गेलो, कारण प्रस्तावावर परवानाधारकाची सही लागतेच. त्यांनी तक्ता वरवर चाळला आणि ‘लगतच्या रस्त्याची रुंदी: ९.०० मी.’ या ओळीवर पेन ठेवलं. विचारलं, तुमच्या गल्लीत समोरासमोर दोन गाड्या आल्या तर काय करता? हे म्हणाले, एकाला मागे घ्यावी लागते. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा टेप घेऊन आला. आमच्या कंपाउंडपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत सहा मीटर, त्यातही एका बाजूला महावितरणचा खांब.

या एका आकड्यात सगळी फसवणूक होती, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पुण्यात नकाशे सॉफ्टवेअरमधून तपासले जातात. सॉफ्टवेअर तपासतं ते नकाशात जे काढलंय आणि भरलंय ते. रस्ता नऊ मीटर भरला तर नऊ मीटरचे नियम लावून ते इमानदारीत ‘पास’ म्हणतं. टेप घेऊन ते गल्लीत येत नाही. आणि यूडीसीपीआरमध्ये रस्त्याच्या रुंदीवर सगळं बेतलेलं आहे. दाट वस्तीबाहेरच्या भागात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ आणि त्यावर शुल्क भरून, जिने-बाल्कनीसारख्या भागांसाठी, साठ टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी. प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) तिथे धरायचाच नाही. त्याच्या नकाशातले वरचे दोन मजले याच प्रीमियम आणि टीडीआरवर उभे होते. म्हणजे जे विकून खर्च भागवायचा, नेमके तेच मजले हवेत.

फोन केला तर त्याच्याकडे उत्तर तयार. ‘दीड मीटर आपण सोडायचं, दीड समोरचा सोडेल, झाला नऊ मीटर.’ पुन्हा अर्धसत्य. २०२० मध्ये महापालिकेने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला होता, त्यावरून गदारोळही झाला, पुणेकरांना आठवत असेल. पण रस्ता आपल्या मर्जीने रुंद होत नाही. महापालिकेने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा आखलेली असावी लागते. आमच्या गल्लीची आखलेली नाही. समोरच्या जोशीकाकूंना तर त्यांच्या दीड मीटरची वाटणी परस्पर झाल्याचं आमच्याकडूनच कळलं.

मग अर्जाआधी काय तपासून घ्यायचं? हे त्या आर्किटेक्टांनी फार छान उलगडून सांगितलं. प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. जागा कोणत्या झोनमध्ये आहे, तिच्यावर आरक्षण किंवा विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता आहे का, हा प्रश्न असेल तर महापालिकेचा झोन दाखला आणि भाग नकाशा. जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झालाय, तो पाहायचा. जमीन नेमकी किती आणि हद्द कुठे, हे विचारायचं तर भूमी अभिलेखची मोजणी आणि तिचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचा आकडा आणि जागेवरचा आकडा जुळेलच असं नाही. आमची मागची भिंत मोजणीत फूटभर शेजारच्यांकडे निघाली, तो वेगळाच अध्याय. मालकी कोणाची, हा प्रश्न सोसायटीच्या प्लॉटला फार महत्त्वाचा, कारण अनेक ठिकाणी जमीन सोसायटीच्या नावावर आणि सभासद भाडेपट्ट्याने असतात. तिथे सोसायटीच्या ना हरकत पत्राशिवाय पान हलत नाही. आणि नकाशा नियमांत बसतो का, हे शेवटी. या आधीच्या तिन्हींची उत्तरं हातात नसतील तर नकाशाची तपासणी म्हणजे मनाने धरलेल्या आकड्यांची तपासणी.

माझं मत विचाराल तर आमच्यासारख्या बंगल्याच्या प्लॉटला पहिला खर्च मोजणीचा करावा, दुसरा चांगल्या आर्किटेक्टच्या तासाभराच्या फीचा. झोन दाखला ऑनलाइन काढता येतो, त्याला आमच्याकडून मागितलेल्या बारा हजारांच्या पासंगालाही न पुरणारी फी लागते. आर्किटेक्टचा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. चांगला माणूस तो विचारल्याचा राग धरत नाही. आमच्या ‘सल्लागारा’ला विचारला होता तेव्हा ‘माझे आर्किटेक्ट पार्टनर आहेत’ असं उत्तर आलं. पार्टनर कधी दिसले नाहीत.

समाविष्ट गावांत हा धंदा याहून वाईट चालतो. २०१७ आणि २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या गावांमधल्या दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवाल्यांना हाच माणूस ‘गुंठेवारी प्री-क्लिअरन्स’ विकतो, हे आम्हाला त्याच्याच स्टेटसवरून कळलं. तिथे तर झोनचाच प्रश्न जिवावरचा. जागा डोंगरमाथा-डोंगरउताराच्या झोनमध्ये किंवा नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत निघाली तर मार्जिन आणि पार्किंगची हिरवी ‘पास’ कोणाला दाखवणार?

पैशांचं सांगते. पंचवीस हजार यूपीआयने गेले, ते एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाच्या नावावर. उरलेले साठ रोख, कारण ‘शासकीय फी आहे, वर ऑनलाइन चालत नाही’. महापालिकेची फी, मग ती छाननीची असो, विकास शुल्क असो की कामगार उपकर, चलनाने महापालिकेकडे भरायची असते आणि प्रस्तावाला इनवर्ड (आवक) क्रमांक मिळतो. इनवर्ड क्रमांक मागितला की हा दरवेळी ‘सिस्टिम डाउन’ सांगायचा.

फाइल परत घ्या, पैसे द्या म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. ‘तक्रार करा की. साहेबांना पैसे दिले असं सांगाल ना? लाच देणारा पण आत जातो आता.’ इथे बहुतेक लोक गप्प बसतात, आणि धंद्याचा खरा आधार हाच आहे. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा झालंय हे बरोबर. मात्र ज्याला द्यायला भाग पाडलं त्याने सात दिवसांत कळवलं तर कायदा त्याला संरक्षण देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची १०६४ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. आमच्या बाबतीत तर प्रश्न वेगळाच होता. त्याच्या प्रत्येक मेसेजमध्ये ‘शासकीय फी’ असाच शब्द होता, आणि कुठल्या साहेबाकडे काही पोचल्याचा मागमूस नाही. एका वकील मैत्रिणीने चॅट वाचलं आणि म्हणाली, ही लाच नाही गं, सरळ फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ बघ. खोट्या शिक्क्याचं ते आणखी वेगळं.

त्याच भरवशावर तक्रार अर्ज दिला. चौकशीला बोलावल्याचं कळताच दुकानाच्या नावावर गेलेले पंचवीस हजार मुकाट परत आले. रोख दिलेल्या साठांबद्दल ‘मी घेतलेच नाहीत’ असा जबाब. एक व्हॉइस मेसेज मात्र राहिलाय, ज्यात तो ‘ताई, साठ मिळाले, पावती उद्या’ म्हणतोय. तो मी फोनमध्ये, पेनड्राइव्हवर आणि मुलीच्या लॅपटॉपवर ठेवलाय.

नवा प्रस्ताव पार्किंग आणि दोन मजल्यांचा आहे, सहा मीटरच्या रस्त्याचा, त्याच आर्किटेक्टांच्या लॉगिनमधून दाखल. विकायला काही उरत नाही, तेव्हा दिरांनी आणि आम्ही कर्जासाठी बँकेत अर्ज केलाय.

असाच ‘पूर्वतपासणी कक्षा’चा शिक्का असलेली फाइल कोणाकडे असेल तर ती त्याला परत देऊ नका, ‘दुरुस्ती करून देतो’ म्हणाला तरी. चॅट आत्ताच एक्सपोर्ट करा, कारण तो ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करतो. आमचे अर्धे मेसेज तसेच गेले. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटवर मिळतो, तो अर्जात लिहा. चौकशी करणाऱ्या साहेबांनी आम्हाला सांगितलंय की आणखी अर्ज आले तर ते एकत्र घेता येतील आणि रोख रकमेची बाजूही मजबूत होईल.