एक्सएफएसटेस्ट्स, आठ महिन्यांनंतर: मेमरी जाते कुठे?

गेल्या आठ महिन्यांत सुट्टीच्या रात्री सोडल्या तर एकही रात्र एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिम तपासणाऱ्या संचाशिवाय गेलेली नाही. पुण्यात आमची सहा जणांची टीम लिनक्ससाठी एक फाइलसिस्टिम मॉड्यूल सांभाळते, म्हणजे डिस्कवर फाइल्स साठवण्याची व्यवस्था बघणारा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सुटा भाग. संध्याकाळी सातला दिवसभराचा कोड मर्ज होतो, कर्नल बिल्ड होतो आणि रात्रभर टेस्ट चालतात. सकाळी आल्या आल्या चहाबरोबर निकाल बघायचा, ही पद्धत. पहिले तीन महिने त्या निकालावर आमचा विश्वासच बसत नव्हता, कारण रन अर्ध्यावर आला की व्हीएममधली (टेस्ट चालतात त्या आभासी मशीनमधली) मेमरी संपायची. ते दुखणं कसं सापडलं आणि त्यात या टूलची किती मदत झाली, ते इथे सविस्तर लिहितोय. याच कामात अडकलेल्या कुणाचे तरी दोन आठवडे वाचावेत एवढीच इच्छा.

ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत एक्सएफएस ही फाइलसिस्टिम तपासण्यासाठी लिहिलेला हा टेस्टचा संच. आज ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एफ२एफएस, एनएफएस अशा बाकी फाइलसिस्टिमवालेही सगळेच तो वापरतात, म्हणून बरेच जण नुसतं एफएसटेस्ट्स म्हणतात. एक टेस्ट डिव्हाइस आणि एक स्क्रॅच डिव्हाइस (टेस्टनी हवी तेव्हा पुसायची डिस्क) द्यायचं आणि चेक ही स्क्रिप्ट चालवायची. प्रत्येक टेस्टचं अपेक्षित आउटपुट आधीच लिहून ठेवलेलं असतं. मिळालेलं आउटपुट त्याच्याशी ओळ न् ओळ ताडून बघितलं जातं, फरक पडला की टेस्ट नापास. हा साधेपणा मला मनापासून आवडतो. आमचं घोडं अडलं तेही इथेच.

एका सकाळी एक जेनेरिक (कुठल्याही फाइलसिस्टिमवर चालणारी) टेस्ट नापास झाली होती. डिफमध्ये (आउटपुटमधल्या फरकात) फक्त एक जास्तीची ओळ: स्क्रिप्टचं नाव, ओळ क्रमांक, प्रोसेसचा क्रमांक आणि पुढे ‘किल्ड’. दुसऱ्या रात्री तीच टेस्ट पास, दुसरीच नापास. तिसऱ्या रात्री तिसरी. मेमरी संपून प्रोसेस मारली गेली असं चेक वेगळं सांगत नाही. त्याच्या लेखी तो आउटपुटमधला फरक, बस. आम्ही दोन आठवडे आमच्या कोडमध्ये रेस कंडिशन (दोन कामं एकाच वेळी एकमेकांत अडकल्याने होणारा बग) शोधत बसलो. शेवटी डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, उघडून पाहिलं तर तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, एफएसस्ट्रेस (फाइलसिस्टिमवर सतत ताण देणारा संचातला प्रोग्रॅम). तेव्हापासून आम्ही ‘कीप डीमेसेज’चा (प्रत्येक टेस्टचा हा लॉग जपून ठेवणारा) पर्याय कायम चालू ठेवलाय आणि प्रत्येक टेस्टनंतर ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द शोधणारी चार ओळींची स्क्रिप्ट जोडलीये. हे चेकमध्ये मुळातच असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र लिहिणाऱ्यांनी फार विचारपूर्वक केलीये. चेक सुरू होताना स्वतःचा ओओएम स्कोअर (आउट ऑफ मेमरी झाल्यावर आधी कुणाला मारायचं ते ठरवणारा आकडा) उणे ५०० करून घेतो आणि प्रत्येक टेस्टला अधिक २५० देतो. म्हणजे मेमरी संपलीच तर कर्नलमधला ओओएम किलर आधी टेस्टला मारतो, चेक जिवंत राहतो आणि पुढची टेस्ट सुरू करतो. रात्रभराचा रन वाया जात नाही. सिस्टिमडी (लिनक्सवरच्या प्रोसेसेस सांभाळणारी यंत्रणा) असेल तर प्रत्येक टेस्ट स्वतंत्र स्कोपमध्ये, म्हणजे प्रोसेसेसच्या वेगळ्या गटात, चालते आणि टेस्ट संपली की मागे रेंगाळलेल्या प्रोसेसेसही त्या स्कोपबरोबर साफ होतात.

आमची पहिली चूक म्हणजे रॅम वाढवणं. होस्टवर (खऱ्या मशीनवर) ६४ जीबी, त्यावर केव्हीएमच्या १२ व्हीएम, प्रत्येकी ४ जीबी आणि ८ सीपीयू. मी सगळ्यांना ६ जीबी करून टाकले. बेरीज ७२ होते, हे मला दिसत होतं. पण सगळ्या व्हीएम एकाच वेळी पूर्ण मेमरी थोड्याच वापरणार, असं गृहीत धरलं. तिसऱ्याच रात्री होस्टच्याच ओओएम किलरने एक अख्खी क्यूईएमयू प्रोसेस (होस्टवर व्हीएम चालवणारी) मारली. ती व्हीएम मध्येच नाहीशी झाली, कन्सोलच्या लॉगमध्ये अक्षरही नाही. व्हीएममधला पाहुणा कर्नल एकदा वापरलेली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) आपणहून होस्टला परत देत नाही, त्यामुळे पहाटेपर्यंत प्रत्येक व्हीएम आपल्या कमाल मर्यादेला पोचलेलीच असते. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं, “मेमरी खाल्ली कुणी ते आधी सांग, मग वाढव.”

मग हिशोब ठेवायला घेतला. प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर सिंक करायचं, ड्रॉप कॅशेसमध्ये ३ लिहायचं (म्हणजे कॅश रिकामी करायची) आणि मेमइन्फो या कर्नलच्या मेमरीच्या हिशोबातले तीन आकडे नोंदवायचे: शमेम (रॅममधल्या फाइल्स आणि सामायिक मेमरी), एसअनरिक्लेम (कर्नलने स्वतःसाठी घेतलेली, सहज परत न मिळणारी मेमरी) आणि मेमअवेलेबल (उपलब्ध मेमरी). कॅश आधी रिकामी करणं महत्त्वाचं, नाहीतर पेज कॅशचा (फाइल्सच्या रॅममधल्या प्रतींचा) आकडा एवढा मोठा असतो की त्याखाली बाकी सगळं झाकून जातं. सकाळी तो तक्ता उघडला की पाणी कुठे मुरतंय ते दिसायला लागलं.

शमेम रात्रभरात ० पासून १.१ जीबीवर गेलेला. आमच्या व्हीएममध्ये टेम्प डिरेक्टरी टीएमपीएफएसवर होती, म्हणजे तिथली प्रत्येक फाइल रॅममध्येच. आम्ही स्वतः लिहिलेल्या काही टेस्ट तिथे डिस्क इमेज बनवून लूप डिव्हाइसवर (फाइललाच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या) चढवायच्या. टेस्ट मध्येच नापास झाली की इमेज डिलीट व्हायची, पण लूप डिव्हाइस तसंच राहायचं. लोसेटअपची यादी मागितली तर नऊ लूप डिव्हाइस आणि प्रत्येकापुढे कंसात ‘डिलीटेड’. फाइल नावाला गेलेली, पानं मात्र जागेवर. आणि टीएमपीएफएसची पानं कर्नलला टाकून देता येत नाहीत. फार तर स्वॅपमध्ये (रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जातील, आणि आमच्याकडे स्वॅप नव्हताच. इमेजेस एका वेगळ्या डिस्कवर हलवल्या, लूप सोडवण्याचं काम क्लीनअप फंक्शनमध्ये टाकलं. एका दुपारचं काम. असंच एससीएसआय डीबग मॉड्यूलचं: ते खोटी डिस्क रॅममध्येच उभी करतं, आणि टेस्टनंतर ‘बिझी’ म्हणून उतरलं नाही तर तेवढी मेमरी अडकून राहते. आमच्याकडे २५६ एमबी अशी बसलेली सापडली.

खरा कस लागला तो एसअनरिक्लेमला. हा आकडा रोज रात्री हळूहळू चढायचा आणि कधीच उतरायचा नाही. एक्सएफएसटेस्ट्समध्ये केमेमलीक वापरायची सोय आहे, चालू केली की प्रत्येक टेस्टनंतर कर्नलमधली गळती शोधली जाते. मोठ्या आशेने चालू केली. आठ दिवस एकही तक्रार नाही. त्या आठ दिवसांत मी माझ्याच तक्त्यावर शंका घेऊ लागलो होतो. पण केमेमलीक फक्त अशाच ऑब्जेक्ट्सबद्दल बोलतो ज्यांच्याकडे कुठूनही पॉइंटर (पत्त्याची नोंद) उरलेला नाही. एखाद्या ग्लोबल यादीत विसरलेलं ऑब्जेक्ट त्याच्या दृष्टीने अजून वापरात असतं. शिवाय थेट पेज ॲलोकेटरकडून घेतलेली पानं तो मोजतच नाही.

उत्तर मिळालं ते एका दुर्लक्षित पर्यायातून. टेस्ट_एफएस_मॉड्यूल_रीलोड १ केला की दोन टेस्टच्या मध्ये फाइलसिस्टिमचं मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवलं जातं. मॉड्यूल उतरताना त्याचे स्लॅब कॅशही (एकाच प्रकारच्या ऑब्जेक्ट्सचे मेमरीतले साठे) मोडावे लागतात, आणि त्यात काही उरलं असेल तर कर्नल ओरडून सांगतो: बग, कॅशचं नाव, ऑब्जेक्ट्स रिमेनिंग. चेक डीमेसेजमध्ये ही ओळ शोधतो आणि टेस्ट नापास करतो. पहिल्याच रात्री जेनेरिक/४७५ वर बोट ठेवलं गेलं. ही टेस्ट एफएसस्ट्रेस चालू असताना डिव्हाइसमॅपरच्या एरर टार्गेटने (प्रत्येक वाचन-लेखनाला एरर देणाऱ्या खोट्या डिस्कने) खालची डिस्क खेचून घेते, अनमाउंट करते, डिस्क परत जोडून पुन्हा माउंट करते, आणि हे वारंवार करत राहते. आमच्या अनमाउंटच्या कोडमध्ये आयओ एरर आली की आम्ही इनोड सोडायचो, बफर सोडायचो, पण लॉगच्या तुकड्यांची वर्णनं एका ग्लोबल यादीत ठेवलेली, ती तशीच राहायची. अशा एका अनमाउंटमागे ३०० केबीच्या आसपास. रात्रभरात असे बाराशेच्या वर अनमाउंट व्हायचे, म्हणजे साडेतीनशे एमबी गायब. दुरुस्ती फक्त दोन ओळींची निघाली. ग्राहकाकडे डिस्क बिघडली आणि कुणी वारंवार माउंट करून बघत राहिलं, तर तिथेही हेच झालं असतं. म्हणून मला ठामपणे वाटतं की टेस्टमध्ये मेमरी संपली तर ती टेस्टयंत्रणेची कटकट समजून बाजूला सारू नये.

कासानचं, म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाचं, गणित वेगळं. जेनेरिक कासान एकूण मेमरीचा १/८ भाग शॅडोसाठी (कुठली मेमरी वापरायोग्य आहे त्या नोंदींसाठी) बाजूला काढतो, ४ जीबीत ५१२ एमबी. सोडलेली ऑब्जेक्ट्स तो लगेच परत देत नाही, क्वारंटाइनमध्ये ठेवतो, त्याची मर्यादा सुमारे १/३२. वर प्रत्येक ऑब्जेक्टभोवती रेडझोन, म्हणजे मोकळी सोडलेली संरक्षक जागा. ही गळती नव्हे, हा कासानचा खर्च आहे. आम्ही आता बाराऐवजी नऊ व्हीएम चालवतो: कासानच्या कर्नलसाठी ६ जीबीच्या दोन, बाकी सात साध्या.

सीपीयूंची संख्या हाही मेमरीचाच प्रश्न असतो, हे उशिरा कळलं. बऱ्याच टेस्ट किती प्रोसेसेस सुरू करायच्या ते सीपीयू मोजून ठरवतात. ८ सीपीयू आणि ४ जीबी म्हणजे खाणारी तोंडं जास्त आणि ताट लहान. ४ सीपीयू केल्यावर रन थोडा लांबला, पण ओओएम निम्म्याहून कमी झाले. जेनेरिक/२२४ मात्र सीपीयू बघत नाही, ती हजारेक लिहिणारे एकदमच सोडते. तिच्यासाठी मेमरी राखूनच ठेवावी लागते.

सीग्रुपची (प्रोसेसेसच्या गटाला घालायची) मेमरीची मर्यादा लावताना एक खाच आहे. अख्खा चेक मेमरीमॅक्स लावलेल्या स्कोपमध्ये चालवला तरी फरक पडत नाही, कारण चेक प्रत्येक टेस्टसाठी स्वतःचा नवा स्कोप उघडतो आणि टेस्ट आपल्या मर्यादेबाहेर निघून जाते. आम्हाला चेकमधल्या त्या ओळीतच मेमरीमॅक्स जोडावं लागलं. हा बदल आम्ही अजून स्वतःजवळच ठेवलाय, आणि संच अद्ययावत करताना दर वेळी हाताने बसवावा लागतो. ही माझी या टूलबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार.

इतकं सगळं झाल्यावर एक व्हीएम आम्ही मुद्दाम दीड जीबीवर ठेवलीये. तिथे मेमरीची ओढाताण चालू असतानाच फाइलसिस्टिमला काम करावं लागतं. सहाव्या महिन्यात तिथेच एक रन गोठला. ट्रान्झॅक्शन (फाइलसिस्टिममधल्या बदलांचा एक संच) उघडं असताना आमच्या एका फंक्शनने साधं जीएफपी कर्नल (गरज पडल्यास फाइलसिस्टिमकडूनही मेमरी मोकळी करायची मुभा देणारं) वापरून मेमरी मागितली होती. कर्नल मेमरी मोकळी करायला निघाला तो आमच्याच फाइलसिस्टिममध्ये परत शिरला आणि त्याच ट्रान्झॅक्शनची वाट बघत बसला. मेमॲलॉक एनओएफएसच्या (मेमरी शोधताना फाइलसिस्टिममध्ये शिरायला मनाई करणाऱ्या फंक्शन्सच्या) जोडीने तो भाग बांधून घेतला. ४ जीबीच्या व्हीएमवर हा बग आम्हाला कधीच दिसला नसता.

आता रोज सकाळी तक्त्यातली एसअनरिक्लेमची रेघ सपाट असते आणि नापास टेस्ट उघडताना ती खरोखर नापास आहे असं धरून काम सुरू करता येतं. दीड जीबीच्या व्हीएमवर वगळायच्या टेस्टची यादी सुरुवातीला ३१ नावांची होती. काल तिच्यात चार उरली होती, त्यातलं पहिलं २२४. या आठवड्यात तीच घेतलीये.