हरणारा संघ उभा कसा करायचा: ड्राफ्ट की तयार तारे?

"आणखी किती वर्षं हरताना बघायचं? सरळ मोठा खेळाडू आणा ना!" एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणारा मित्र परवा कळवळून म्हणाला. त्याची तगमग मला कळते. दुसरा रस्ता ड्राफ्टचा: दरवर्षी संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात, आणि तळाच्या संघांना आधी निवडायची संधी जास्त असते.

पण तयार तारा आणण्याची किंमत बघा. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने बॉस्टनचे नावाजलेले पिअर्स आणि गार्नेट आणले. बदल्यात बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, वर २०१७ ला आपली निवड नेट्सच्या निवडीशी बदलून घेण्याचा हक्क. बॉस्टनला त्यातून जेलन ब्राउन हा तारा मिळाला, टेटम या दुसऱ्या ताऱ्याची वाट मोकळी झाली. नेट्स २०१६-१७ मध्ये ८२ पैकी २० सामने जिंकले आणि तळाला राहूनही पहिली निवड बॉस्टनकडे गेली. हे मला फार लागतं.

ड्राफ्टची किंमत प्रेक्षक मोजतात. फिलाडेल्फियाने २०१५-१६ मध्ये ७२ सामने गमावले. त्या पर्वातून एम्बीडसारखा तारा मिळाला, विजेतेपद नाही. शिवाय २०१९ मध्ये निवडीचा क्रम ठरवणारी लॉटरी बदलली: तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची सारखीच, १४ टक्के संधी. म्हणजे मुद्दाम हरण्यातला फायदाही घटला.

टोरांटोने २०१८ मध्ये कवाय लेनर्ड आणला आणि २०१९ ला विजेतेपद जिंकलं, पण तो संघ आधीच ५९ सामने जिंकणारा होता. तुमचा संघ तसा एका खेळाडूने अडला असेल तर तारा आणा. पायाच नसेल तर ड्राफ्ट, आणि निवडी कुणालाही देऊ नका.