जळगाव–मुंबई विमान: काही महिने वापरल्यानंतर

आधी चांगलं सांगतो. विमान उडतं तेव्हा झकास आहे. रेल्वेत रात्र काढून गाठायची ती मुंबई तास-सव्वा तासात येते. जळगावच्या विमानतळाचं, म्हणजे कुसुंब्याचं टर्मिनल छोटं, रांगा नाहीत, परत आल्यावर बॅग घेऊन लगेच बाहेर. एटीआर या छोट्या विमानाच्या पंख्यांची घरघर डोकं उठवते, पण तेवढं चालायचंच.

बोंब आहे ती भरवशाची. सुरुवातीची वेळ कामाने जाणाऱ्याला सोयीची होती. मग आठवड्यातले उड्डाणाचे वार कमी झाले, वेळ दुपारवर सरकली आणि 'ऑपरेशनल कारणास्तव रद्द' हा मेसेज नेहमीचाच झाला. एकदा तर बोर्डिंग पास हातात असताना आला. शेजारी रावेरचे एक केळी व्यापारी म्हाताऱ्या आईला घेऊन बसलेले, दुसऱ्या दिवशी मुंबईत तिच्या डोळ्याचं ऑपरेशन. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला तेच सांगत होती: रिफंड घ्या, नाहीतर पुढची तारीख. तिच्या हातात तरी काय होतं म्हणा! बाहेर रिक्षावाला हसत उभा. "काय भो, आज बी नाही उडलं का?" स्टेशनपर्यंतचा रेट त्याने न विचारता सांगितला.

'प्रवासी मिळत नाहीत' असं कारण सांगतात, ते मला पटत नाही. सोनं, डाळ, पाईप, केळी, सगळ्या धंद्यांतल्या लोकांची मुंबईत ये-जा असते. मी बसलो तेव्हा विमान बहुतेक भरलेलंच असायचं. खरी गोम वेगळी वाटते. छोट्या शहरांना स्वस्त विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत तोटा भरून काढायला कंपनीला निधी मिळतो, त्यात 20 टक्के वाटा राज्याचा. पण तो 3 वर्षांपुरताच. त्यात कंपनीकडे विमानं मोजकी. एखादं दुरुस्तीला गेलं की कात्री आपल्यासारख्या गावावर. डिसेंबर 2017 मध्ये 18 आसनी विमान सुरू झालं, ते बंद पडलं. 2019 मध्ये दुसरी कंपनी आली, तीही गेली. आताच्या कंपनीची लक्षणं तशीच दिसतात.

फिरायला जायचं असेल, तारीख पुढेमागे चालत असेल, तर खुशाल काढा तिकीट. कोर्टाची तारीख, ऑपरेशन किंवा मुंबईहून पुढचं परदेशी विमान असेल तर नको. मी हल्ली त्याच दिवसाचं रात्रीच्या गाडीचं तिकीटही काढून ठेवतो. स्वस्त विमानाचा हिशोब तिथेच बिघडतो.

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांना.