गेमबॉयवर गाणी बनवतेय काही महिने: एलएसडीजे वापरल्यानंतरचा अनुभव

निन्टेंडोच्या गेमबॉय या जुन्या हातातल्या गेमयंत्रावर संगीत म्हटलं की सगळे "फक्त चार चॅनल!" म्हणून कौतुक करतात, पण काही महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की चारचा प्रश्नच नाहीये, सगळी मारामारी तिसऱ्या चॅनलसाठी आहे. चॅनल म्हणजे एका वेळी एकच आवाज काढणारी वाट: दोन पल्स (चौकोनी लहरींचे), एक वेव्ह (लहरीचा आकार आपण काढायचा), एक नॉइज (नुसती खरखर). यातल्या वेव्हवर काय बसवायचं ते ठरलं की अर्धं गाणं झालंच म्हणून समजा, आणि ते ठरत नाही तोवर बाकी कितीही नटवा, गाणं हलत नाही. याबद्दल पुढे सविस्तर लिहिते कारण रिव्ह्यूमध्ये हे कुणी नीट सांगत नाही, सगळे स्क्रीनचे फोटो टाकून मोकळे होतात.

आधी सेटअप. १९८९ चा मूळ जाडजूड गेमबॉय म्हणजे डीएमजी-०१, आत बॅकलाइट बसवलेला, आणि फ्लॅश कार्टवर (आपला प्रोग्रॅम टाकता येणारी कार्ट्रिज) एलएसडीजे हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर योहान कोटलिन्स्की या स्वीडिश प्रोग्रॅमरने २००० च्या आसपास आणलं आणि आजही लोक तेच वापरतात. त्याच्याही आधी १९९८ मध्ये जर्मनीच्या ऑलिव्हर विटखोचं नॅनोलूप आलेलं, ते मीही थोडं वापरलंय. नॅनोलूपमध्ये सोळा घरांची चौकट असते, त्यात ठिपके ठेवत जायचं, पाच मिनिटांत काहीतरी वाजायला लागतं आणि मजा येते. पण मला सुरुवात, मधला भाग, शेवट असं पूर्ण गाणं हवं असतं, त्यासाठी एलएसडीजेच बरं पडलं.

एलएसडीजे उघडल्यावर समोर नुसते आकडे आणि अक्षरं दिसतात, तेही हेक्समध्ये, म्हणजे ९ नंतर ए, बी, सी करत एफ पर्यंत. हे बघून बरेच जण पळतात. खरं सांगू का, त्याची भीती उगाच घातलेली आहे, आठवड्याभरात डोळ्यांना सवय होते. रचना साधी आहे. सोळा पायऱ्यांची एक फ्रेज, फ्रेज जोडून चेन, चेन चार रकान्यांत मांडल्या की गाणं. सिलेक्ट दाबून बाण दाबला की शेजारच्या स्क्रीनवर जाता येतं, ए दाबून बाण दाबला की आकडा बदलतो, बस. माऊसने जे करायला मला वेळ लागायचा ते आता अंगठे आपोआप करतात, बसमध्ये उभ्याउभ्या सुद्धा. आणि चेनमध्ये फ्रेजच्या बाजूला ट्रान्सपोजचा (सगळे सूर वर-खाली सरकवायचा) रकाना आहे ना, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. बेसची एकच फ्रेज लिहायची, चेनमध्ये ती चारदा घालायची आणि बाजूला ००, ०५, ०७, एफबी असं टाकायचं. एफबी म्हणजे उणे पाच. झाली की चार सुरांवर फिरणारी बेसलाइन, लिहिलं मात्र एकदाच.

आता कॉर्ड. पल्स चॅनल दोनच आणि एका वेळी एकावर एकच सूर, मग तीन सुरांचा कॉर्ड वाजवायचा कसा? तर वाजवायचाच नाही, सूर भराभर बदलायचे. सुराला सी ही कमांड द्यायची, पुढे ३७ लिहिलं की मायनर, ४७ लिहिलं की मेजर. ३७ असेल तर मूळ सूर, मग त्याच्या तीन स्वरपट्ट्या (सेमिटोन) वरचा, मग मूळ सुराच्या सात वरचा, असं चक्र फिरत राहतं. टेम्पो १५० असेल तर सेकंदाला साधारण ६० वेळा सूर बदलतो, म्हणून तो "गुर्रर्र" असा चिप-आवाज येतो जो ऐकला की कुणीही ओळखतं. मला तो सतत ऐकून कंटाळा येतो हेही कबूल, इन्स्ट्रुमेंटमध्ये रेट बदलून मी तो जरा सावकाश करते, मग ते वेगळेवेगळे सूर कानाला कळतात आणि जास्त गोड लागतं. तसंच पल्सची ड्यूटी, म्हणजे लहरीचा किती भाग वर राहतो ते. १२.५ टक्के ठेवली की आवाज नाकात बोलल्यासारखा बारीक, ५० ला भरीव. लीडला (मुख्य चालीला) मी सूर सुरू होताना १२.५ आणि लगेच ५० असं टेबलमध्ये (सुरासोबत आपोआप चालणारी कमांडची यादी) लिहून ठेवते, त्याने प्रत्येक सुराला एक छोटी टोचणी मिळते. सूर तोच, पण मिक्समध्ये पुढे येतो.

आता तिसरा चॅनल. पल्स चॅनल ६४ हर्ट्झच्या खाली जातच नाही, चिपची मर्यादाच तेवढी आहे. वेव्ह मात्र ३२ पर्यंत उतरतो, म्हणजे पूर्ण एक सप्तक खाली. म्हणजे खोल बेस हवा तर तो वेव्हवरच. शिवाय त्याचा आकार आपण स्वतः काढू शकतो, ३२ ठिपके, प्रत्येकाच्या सोळा पातळ्या, म्हणून तिथे पल्सपेक्षा वेगळे, गोलसर आवाज मिळतात. इथवर छान. पण ड्रमचे सॅम्पल, ज्याला एलएसडीजे किट म्हणतं, तेही याच चॅनलवर वाजतात. एक किक (मोठ्या ड्रमचा ठोका) वाजली की तेवढा वेळ बेस गायब. आणि याच्या आवाजाला पातळ्या फक्त चार, बंद, पाव, अर्धा, पूर्ण. पल्सला सोळा पातळ्या आणि हळूहळू विरणारा एन्व्हलप (आवाजाचा चढउतार) फुकटात मिळतो, इथे बेस विरायला हवा तर वेव्हचा आकारच फ्रेमगणिक लहान करत न्यायचा.

मी शेवटी किट वापरणं जवळपास सोडून दिलं. किक म्हणजे वेव्हवरचाच एक सूर, त्याला पी कमांड देऊन एकदम खाली घसरवायचा. फ्रेजमध्ये ०, ४, ८, सी या पायऱ्यांवर किक आणि २, ६, ए, ई वर बेस, दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. ऐकताना मात्र बेस सलग वाजतोय असंच वाटतं कारण किकची शेपटीही खालच्याच सुरांत असते. जरा हुशारी करायची असेल तर किक जिथे घसरत थांबते तिथला सूर बेसच्या सुराशी जुळवायचा, मग किक आणि बेस मिळून एकच वाद्य होतं. हे जमलं त्या दिवशी मी तोच लूप किती वेळ ऐकत बसले काय माहीत.

नॉइजबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हाय-हॅट, स्नेअर, समुद्राचा आवाज. दोन प्रकार असतात, लांब आणि छोटा, छोट्याचा नमुना इतका पटकन परत येतो की तो धातूवर मारल्यासारखा जवळजवळ सूरच वाटतो, काउबेलसारख्या गोष्टींना उपयोगी.

एक गोष्ट नव्याने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वरचे सूर बेसूर होतात. तुमचं चुकत नाहीये. चिप सुराच्या एका लहरीची लांबी पूर्णांकात मोजते, खाली आकडे मोठे असतात म्हणून फरक कळत नाही, पण चार हजार हर्ट्झच्या आसपास एका आकड्याचा फरक म्हणजे अर्ध्या स्वरपट्टीएवढी उडी. त्यामुळे अगदी टोकाला चाल नेऊ नका, किंवा न्यायचीच तर तिथे व्हायब्रॅटो (सुराला कंप) द्या, झाकलं जातं.

पॅनिंगही तसंच, डावं, उजवं किंवा दोन्ही, मधलं काही नाही. हेडफोनवर एक पल्स पूर्ण डावीकडे टाकला की थोड्या वेळाने डोकं दुखतं, म्हणून मी एकच सूर दोन्ही पल्सवर किंचित वेगळा ट्यून करून डावी-उजवीकडे वाटते, पण त्यात दोन्ही पल्स खर्ची पडतात. गेमबॉयच्या स्वतःच्या स्पीकरवर मिक्स करायच्या भानगडीत पडूच नका, तो मोनो आहे आणि बेस तर त्यात ऐकूच येत नाही.

मशीन कोणतं घ्यावं हे सारखं विचारलं जातं. मूळ डीएमजीचा बेस सगळ्यात जाड. गेमबॉय कलरमध्ये खालचे सूर जास्त छाटले जातात, त्यामुळे तो पातळ वाटतो, पण त्याचा प्रोसेसर वेगवान आहे. डीएमजीवर सगळीकडे टेबल, घाईचे ग्रूव्ह (पायऱ्यांचा वेग ठरवणारे आकडे) आणि भरमसाट कमांड टाकल्या की स्क्रीनवर चक्क "टू बिझी" असं लिहून येतं आणि ताल लडखडतो. मला हे दोन-तीन गाण्यांत झालं, दरवेळी न लागणारी टेबलं काढून टाकल्यावर सुटलं. गेमबॉय अॅडव्हान्स एसपी हातात छान बसतो, चार्जिंगही होतं, पण त्याला हेडफोनचा जॅकच नाही, अॅडॉप्टर लागतो, आणि मागे बारीक सूं-सूं असते. सूं-सूं डीएमजीलाही आहे म्हणा. त्यावर उपाय म्हणजे आवाज अॅम्प्लिफायरच्या आधीच, व्हॉल्यूमच्या चाकापासून तोडून वेगळ्या जॅकवर घेणे, याला प्रोसाउंड मॉड म्हणतात. नुसतं हेडफोनवर ऐकायचं असेल तर गरज नाही, रेकॉर्डिंग करायचं असेल तर पहिलं काम हेच करा, फरक लगेच कळतो.

आता तक्रार, आणि ती सॉफ्टवेअरची नाही. माझ्या कार्टमध्ये सेव्ह टिकवायला नाण्याएवढा सेल आहे आणि त्याची क्लिप नवीन असल्यापासूनच ढिली निघाली. एके दिवशी खिशातून काढून चालू केलं तर सगळी गाणी गुल, नुसती कोरी स्क्रीन. विकणाऱ्याने बदलून द्यायला टाळाटाळच केली. सेव्ह फाइल मी कॉम्प्युटरवर काढून ठेवत असते म्हणून दोन अर्धवट लूप सोडले तर काही गेलं नाही, पण डोक्याला ताप तो झालाच. आता घेणार असाल तर एफ-रॅमवाली कार्ट बघा, तिला सेल लागतच नाही.

मग इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्रॅम, का नको? नको असं अजिबात नाही. सेमबॉयसारख्या इम्युलेटरवर एलएसडीजेची तीच रॉम (प्रोग्रॅमची फाइल) चालते, आवाज खऱ्याच्या अगदी जवळचा, आणि शिकायचं तर तिथेच शिका, पटलं तर मग मशीन घ्या. नुसता तो आवाज आपल्या गाण्यात हवाय अशांनी तर गेमबॉयच्या नादी लागूच नये. मी मशीन ठेवलंय ते एवढ्यासाठी की त्यात दुसरं काही उघडता येत नाही, आणि चार एए सेलवर ते बराच वेळ चालतं. एलएसडीजेची पद्धत आवडली पण चार चॅनल पुरत नाहीत अशांसाठी डर्टीवेव्ह कंपनीचं एम-एट हे यंत्र आहे, आठ ट्रॅक, त्याच धाटणीचे स्क्रीन. पण मग बेस कुठे बसवू हा प्रश्न उरत नाही, आणि मला तर तो प्रश्न सोडवायलाच आवडायला लागलंय.

जुनं मशीन घेताना सेलच्या कप्प्यात हिरवा-पांढरा गंज आहे का बघा, व्हॉल्यूमचं चाक फिरवताना खरखर येते का ऐका, ती बहुतेक वेळा साफ केल्यावर जाते. स्क्रीनवर उभ्या रेषा गायब असतील तर घाबरू नका, खालच्या बाजूच्या रिबनवरून सोल्डरिंग गनची ऊब अलगद फिरवली की बऱ्याचदा परत येतात, त्या नावाखाली भाव पाडून घ्या. लिंक केबलचं सॉकेट मात्र आधी तपासा, पुढे दोन गेमबॉय जोडून एकत्र वाजवायची हौस येतेच येते आणि तेव्हा ते सॉकेट ढिलं निघालं तर फार चिडचिड होते.